जुन्या कार्डाचा शेवटचा ड्रायव्हर

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वाईजवळच्या एका गावात राहतो. माझ्याकडे मुलाने २०१३ साली जोडून घेतलेला संगणक आहे. इंटेल कोअर आय-३ २१२०, एच-६१ मदरबोर्ड, चार जीबी रॅम. पुतण्याला गेम खेळायचे म्हणून त्यात पुढे जीफोर्स २१० हे एक जीबीचं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारं) बसवलं. पुतण्या नोकरीला लागला, कार्ड तसंच राहिलं. घरातल्या पेटीत पणजोबांच्या काळातले मोडी कागद आहेत. ते स्कॅन करून पडद्यावर मोठे करतो, वाचतो आणि देवनागरीत उतरवतो. दिवाळीनंतर संगणक सुरूच होईना म्हणून दुकानात दिला. त्यांनी फॉरमॅट मारून विंडोज १० पुन्हा टाकलं. तेव्हापासून पडद्यावर सगळं आडवं पसरलेलं दिसतं. मॉनिटर १६०० बाय ९०० चा आहे, पण सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ च्या पुढे काही मिळत नाही. मोडीची वळणं चपटी होतात, अक्षर ओळखू येत नाही.

मी स्वतः तीनदा कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम, टाकून पाहिला. कंपनीच्या साइटवरचा सर्वांत नवा घेतला, तर 'सुसंगत ग्राफिक्स हार्डवेअर सापडले नाही' असा संदेश आला. जुना शोधून टाकला, तर 'हा ड्रायव्हर विंडोजच्या या आवृत्तीशी सुसंगत नाही' असं आलं. तिसरा कुठल्याशा वेगळ्या साइटवरून घेतला. तो बसला, पण आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण आहे आणि आत 'कोड ४३' लिहिलंय. दुकानदार म्हणतात, 'गुरुजी, आता नवा घ्या.' पेन्शनमध्ये बसवता येईलही, पण हा खरोखरच निकामी झालाय का? यातच विंडोज ११ टाकून काम होईल का? तुम्ही मागे एका उत्तरात 'हार्डवेअर आयडी' कळवायला सांगितलं होतं, तो लिहितो: व्हीईएन १०डीई, डीईव्ही ०ए६५. सिस्टिम टाइपमध्ये ३२-बिट दिसतं.

— एक वाचक, वाई

गुरुजी, तुमचा संगणक निकामी झालेला नाही. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही दोन्ही संदेश शब्दशः उतरवून पाठवलेत, त्यामुळे निम्मं काम झालं. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणारी बहुतेक मंडळी 'काहीतरी एरर येतो' एवढंच सांगतात. तुमचे दोन संदेश ऐकायला सारखे वाटले तरी दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि उत्तर त्या फरकातच आहे.

आधी आयडी बघू. व्हीईएनच्या पुढचा आकडा कंपनीचा असतो. १०डीई म्हणजे एनव्हीडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. इंटेलने आपल्या १९७८ सालच्या प्रोसेसरचाच नंबर स्वतःची ओळख म्हणून घेतला, हे मला फार आवडतं. डीईव्हीच्या पुढचा आकडा नेमक्या चिपचा. ०ए६५ म्हणजे जीफोर्स २१०. खोक्यावर, पावतीवर, कार्डाच्या स्टिकरवर काहीही छापलेलं असो, मी या आकड्यावरच भरवसा ठेवते. २०२२ मध्ये तासगावच्या एका फोटो स्टुडिओचं मशीन माझ्याकडे आलं होतं. खोक्यावर कार्डाचं नाव जीटी ७३०. मी ते एनव्हीडियाच्या केप्लर नावाच्या पिढीचं धरलं आणि ४७० च्या घरातल्या आवृत्तीचे ड्रायव्हर एकामागून एक टाकत दोन दिवस घालवले. लग्नसराईचे दिवस होते, त्या माणसाचे अल्बम अडले होते. शेवटी आयडी उघडला तर ०एफ०२. जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. १२८७ असेल तर केप्लर, ०एफ०२ असेल तर तिच्या आधीची फर्मी. फर्मीसाठी ३९१.३५ हा २०१८ चा ड्रायव्हर लागतो. तो टाकला आणि दहा मिनिटांत काम झालं. तेव्हापासून कुठलंही मशीन आलं की मी पहिल्यांदा आयडी वहीत लिहिते आणि मगच पुढचं काम करते.

तुमचं जीफोर्स २१० फर्मीच्याही आधीचं. ते २००९ साली आलं आणि त्याच्या पिढीला टेस्ला म्हणतात. गाडीच्या कंपनीशी त्याचा संबंध नाही. कंपनी दर काही वर्षांनी एकेका पिढीला ड्रायव्हरच्या यादीतून वगळते. तसं करण्याआधी त्या पिढीसाठी एक शेवटचा ड्रायव्हर निघतो, आणि त्यानंतरच्या नव्या ड्रायव्हरला ते कार्ड ओळखताच येत नाही. टेस्ला पिढीचा शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, डिसेंबर २०१६ चा. म्हणजे तुमचा पहिला प्रयत्न फसला तो ड्रायव्हर कार्डापेक्षा नवा होता म्हणून. 'हार्डवेअर सापडले नाही' याचा अर्थ कार्ड बिघडलं असा नसतो. त्या ड्रायव्हरच्या यादीत तुमच्या कार्डाचं नाव नाही, एवढंच तो सांगत असतो.

दुसऱ्या वेळी तुम्ही बरोबर जुन्या ड्रायव्हरपर्यंत पोचला होतात. पण तुमचं आताचं विंडोज ३२-बिट आहे आणि फाइल ६४-बिटची असणार. दुकानात फॉरमॅट मारताना ३२-बिट टाकलं गेलं. चार जीबी रॅमवर तसं करणारे बरेच आहेत. तुमचा प्रोसेसर ६४-बिटचा आहे आणि बहुतेक आधी तेच विंडोज असावं. हा संदेश विंडोजच्या आवृत्तीबद्दल आहे, कार्डाबद्दल नाही. ३४२.०१ दोन्ही प्रकारांत मिळतो. डाउनलोड करताना 'विंडोज १०, ३२-बिट' निवडायचं.

तिसऱ्या प्रयत्नाबद्दल मात्र मला तुम्हाला कळकळीने सांगायचं आहे. ड्रायव्हर हा विंडोजच्या अगदी गाभ्यात बसणारा प्रोग्रॅम आहे. अनोळखी साइटवरचा ड्रायव्हर टाकणं म्हणजे घराच्या किल्ल्या अनोळखी माणसाच्या हातात देणं. 'तुमचे सत्तावीस ड्रायव्हर जुने झालेत' असं लाल अक्षरांत सांगणारे फुकट प्रोग्रॅमही संगणकात येऊ देऊ नका. जुना झालेला ड्रायव्हर हा दोष नाही. तुमच्या कार्डाला २०१६ चाच ड्रायव्हर हवा आहे, आणि त्याला 'जुना' ठरवून नवा घालणारा प्रोग्रॅम तुमचं नुकसानच करणार.

आता करायचं काय ते सांगते. पण त्याआधी मोडी कागदांचे सगळे स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या, आणि दुसरी प्रत मुलाकडे पाठवा. ते झाल्याशिवाय पुढच्या ओळीवर जाऊ नका.

एनव्हीडियाच्या स्वतःच्या साइटवरून ३४२.०१ ची फाइल उतरवून डेस्कटॉपवर ठेवा. त्यासोबत 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचं छोटं साधन घ्या. दुरुस्तीवाले त्याला डीडीयू म्हणतात. मग इंटरनेटची वायर काढा, वायफाय असेल तर बंद करा. हे विसरू नका. तुम्ही अर्ध्या कामात असताना विंडोज अपडेट स्वतःच्या मनाने एखादा ड्रायव्हर आणून बसवतं आणि दोघांची गल्लत होते. शिफ्टचं बटण दाबून धरून 'रीस्टार्ट' करा, ट्रबलशूटमधून सेफ मोडमध्ये जा आणि तिथे डीडीयू चालवून एनव्हीडियाचं जे काही शिल्लक आहे ते पुसून टाका. कंट्रोल पॅनेलमधून नुसतं अनइन्स्टॉल केलं तर तिसऱ्या ड्रायव्हरचे अवशेष मागे राहतात, आणि माझ्या अनुभवात कोड ४३ पुन्हा उगवतो तो बहुधा त्यांच्यामुळेच. पुन्हा सुरू झाल्यावर पडदा पसरलेलाच दिसेल, घाबरू नका. ३४२.०१ चालवा, त्यात 'कस्टम' निवडा आणि 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर खूण करा. पडदा एक-दोनदा काळा होईल. त्या वेळी बटण दाबून बंद करू नका, थांबा.

ड्रायव्हर बसला की नाही ते पाहायची एक खूण आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरच्या पानावर आवृत्ती २१.२१.१३.४२०१ अशी दिसेल. ती वाचून लोक गोंधळतात. शेवटचे पाच आकडे सलग लिहा: ३४२०१. तोच तुमचा ३४२.०१. एनव्हीडियाच्या ड्रायव्हरची आवृत्ती अशीच शेवटच्या पाच आकड्यांत वाचायची असते.

मग डिस्प्ले सेटिंगमध्ये १६०० बाय ९०० निवडा आणि स्कॅन उघडा. १०२४ बाय ७६८ चं चित्र तुमच्या रुंद मॉनिटरवर भरलं की प्रत्येक अक्षर एक तृतीयांश जास्त रुंद होतं. मोडीत शिरोरेघ आधी ओढलेली असते आणि अक्षरं तिच्याखाली न थांबता वळत जातात, म्हणजे वाचायचं ते वळणांवरूनच. वळणं इतकी ताणल्यावर अक्षर ओळखू आलं नाही, यात तुमच्या डोळ्यांचा काही दोष नव्हता. सर्वांत शेवटी कंट्रोल पॅनेलच्या 'सिस्टिम'मध्ये 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' उघडा, 'नाही' निवडा आणि मगच इंटरनेट जोडा.

एवढं करूनही पिवळा त्रिकोण परत आला, तर मग कार्डाकडे बघायचं. मुख्य वायर काढा, कॅबिनेट आडवं करा, एका हाताने पत्र्याला स्पर्श करा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल, मग कार्ड उपसा. खालच्या सोनेरी पट्टीवर पेन्सिलीचा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि कोरड्या मऊ कापडाने भुसा झटका. दमट हवेत त्या पट्टीवर थर धरतो. कित्येक कार्डं मी नुसत्या खोडरबराने चालू झालेली पाहिली आहेत. कार्डावर पंखा असेल तर तो बोटाने फिरतो का पाहा. गोल उभे कपॅसिटर माथ्यावर फुगले असतील तर ते कार्ड परत लावू नका.

आणि आता माझं खरं मत. गुरुजी, तुमच्या कामाला या कार्डाची गरजच नाही. आय-३ २१२० च्या आतच इंटेलचं एचडी ग्राफिक्स २००० आहे. कार्ड लावलेलं असताना ते सहसा निजलेलं राहतं. कार्ड काढा, मॉनिटरची केबल मागे यूएसबीच्या खाचांजवळ मदरबोर्डच्याच पोर्टला लावा आणि सुरू करा. इंटेलने या चिपसाठी विंडोज १० चा ड्रायव्हर स्वतःच्या यादीत ठेवलेला नाही, पण विंडोज अपडेट ९.१७.१०.४४५९ हा ड्रायव्हर आणून देतं आणि त्यावर १६०० बाय ९०० व्यवस्थित चालतं. (म्हणून या वाटेने गेलात तर वरचं 'नाही' परत 'होय' करून इंटरनेट जोडावं लागेल.) स्कॅन बघणं, टायपिंग, मेल यांत तुम्हाला फरक जाणवणार नाही. एक पंखा कमी, थोडी उष्णता कमी, बिघडायला एक वस्तू कमी. माझ्या घरच्या मशीनमधून मी असंच एक कार्ड काढून ठेवलं आहे.

विंडोज ११ चा विचार सोडून द्या. त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. तुमचा प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा. अटी चुकवून ते बसवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, पण ज्या संगणकात घराण्याचे कागद आहेत त्यावर त्या करू नका. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर घरगुती संगणकाला सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ती नोंदणी मुलाकडून करून घ्या. त्यापुढे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकता येईल. इंटेलच्या या चिपचा ड्रायव्हर त्यात आधीपासूनच असतो, वेगळा शोधावा लागत नाही. तुमचा स्कॅनर त्यावर चालतो का, ते इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच सुरू करून आधी पाहता येतं.

एक शेवटची विनंती. ३४२.०१ ची फाइल चालली, तर ती पेनड्राइव्हवर जपून ठेवा आणि नावात कार्डाचं नाव व आयडी लिहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला तेव्हा माझ्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. मशीन गेली त्यापेक्षा वीस वर्षं जमवलेल्या ड्रायव्हरच्या सीडी गेल्या, त्याचं मला जास्त लागलं. त्यातल्या काही मदरबोर्डच्या फायली कंपन्यांनी स्वतःच्या पानांवरूनही काढून टाकल्या होत्या. चिखलातून काढून धुतलेल्या सीडींपैकी अकरा वाचल्या. आता प्रत्येक फाइलच्या दोन प्रती ठेवते, एक सांगलीत आणि एक बहिणीकडे साताऱ्यात.

ताई, मी बारावीला आहे. कॉलेजच्या सुट्टीत थ्रीडी शिकायचं म्हणून जुना लॅपटॉप घेतला. त्यात इंटेल एचडी ३००० आहे. ब्लेंडर हा थ्रीडीचा प्रोग्रॅम उघडतच नाही, ओपनजीएलबद्दल संदेश येतो. पाच-सहा ड्रायव्हर बदलून झाले. मित्र म्हणतो एकदा विंडोज फॉरमॅट मार.

— एक विद्यार्थिनी, परभणी

फॉरमॅट मारू नकोस, बाळ. त्याने काहीही बदलणार नाही आणि तुझा दिवस जाईल. ओपनजीएल, म्हणजे प्रोग्रॅमने ग्राफिक्सच्या चिपला काम सांगायची ठरलेली भाषा, ड्रायव्हरसोबत येतं, आणि एचडी ३००० ला विंडोजवर ते ३.१ पर्यंतच मिळतं. ब्लेंडर २.८० पासून, म्हणजे २०१९ पासून, किमान ३.३ मागतं. ४.० पासून तर ४.३. त्यामुळे सहाच काय, साठ ड्रायव्हर बदललेस तरी हा आकडा वर जाणार नाही.

पण ब्लेंडर २.७९ ला फक्त ओपनजीएल २.१ लागतं. ते ब्लेंडरच्या स्वतःच्या संग्रहात अजून फुकट मिळतं. तेच घे. मॉडेलिंग, प्रकाश, कॅमेरा, हालचाल या सगळ्याचा पाया त्यात पक्का होतो. मात्र शिकवणीचे व्हिडिओ निवडताना २.७९ चेच बघ, कारण २.८० मध्ये बटणांच्या जागा बऱ्याच बदलल्या. नाहीतर व्हिडिओतलं बटण तुझ्या पडद्यावर सापडणार नाही आणि आपल्यालाच येत नाही असं वाटायला लागेल.

आणखी एक. याच चिपला लिनक्सवर ३.३ मिळतं. चिप तीच, पण तिथला ड्रायव्हर दुसऱ्या लोकांनी लिहिला आणि ते तिच्यावर अनेक वर्षं काम करत राहिले. ज्या मशीनला सगळे 'जुनं' म्हणतात तिच्यासाठी कुणीतरी अजून बसून लिहितंय, याचा मला मनापासून आधार वाटतो. पुढे वेळ मिळाला की लिनक्सही लावून बघ. आधी २.७९ वर एक कपबशी कर आणि मला चित्र पाठव.

नमस्कार ताई. ड्रायव्हर बरोबर आहे, त्रिकोण कुठेच नाही, तरी मॉनिटरचं खरं रिझोल्यूशन यादीत येत नाही. मॉनिटरच्या नावाच्या जागी 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' दिसतं. केबल व्हीजीए, नवीच आणलेली.

— एक वाचक, फोंडा

ती नवी केबलच बदला, दादा. मॉनिटरमध्ये एक छोटी चिप असते. आपली मापं ती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून संगणकाला सांगते. स्वस्त केबलींमध्ये या दोन वायरी घातलेल्याच नसतात. चित्र येतं, रंग येतात, फक्त मॉनिटर स्वतःची ओळख देऊ शकत नाही. मग विंडोज अंदाजाने लहान मापं दाखवतं. पिना बाहेरून दिसल्या तरी आत वायर असेलच असं नाही, म्हणून शेजाऱ्याची चालू केबल अर्धा तास मागून लावून बघा. केबलीत नऊ क्रमांकाची पिन नसली तर काळजी करू नका, ती पुष्कळ चांगल्या केबलींतही नसते. केबल लावताना संगणक आणि मॉनिटर दोन्ही बंद ठेवा, आणि मॉनिटर आधी सुरू करा.